टिकून राहिलेले प्रशिक्षक
विद्यापीठे आणि मैदाने : लेखांक सातवा

अमेरिकी विद्यापीठाच्या संघात चार-पाच वर्षांनी एकही जुना खेळाडू उरत नाही. तिथला खेळाडू विद्यार्थी असतो, त्याला साधारण चार हंगाम खेळण्याची मुभा असते आणि पदवी मिळाली की तो निघून जातो. व्यावसायिक क्लब आपला हुकमी खेळाडू दहा-बारा वर्षे जपून ठेवू शकतो, विद्यापीठाला ती सोय नाही. आपल्याकडे तर विद्यापीठाचा संघ बहुधा आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर निवड चाचणी घेऊन उभा केला जातो, त्यामुळे सातत्याचा प्रश्न फारसा पडतही नाही. अमेरिकेत तो दरवर्षी पडतो. एकाच विद्यापीठाचे अनेक खेळांतले संघ तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे अग्रभागी कसे राहतात, हे समजून घ्यायचे तर त्या संघांत टिकून राहणाऱ्या एकमेव माणसाकडे, म्हणजे प्रशिक्षकाकडे पाहावे लागते.  त्यासाठी आज कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जाऊ.

स्टॅनफर्डच का, तर तिथे हा प्रकार एका खेळापुरता नाही. सर्व खेळांतल्या कामगिरीचे गुण एकत्र करून अमेरिकेत दरवर्षी ‘डायरेक्टर्स कप’ दिला जातो. आपल्याकडचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक ज्या कल्पनेवर उभा आहे, तशीच ही कल्पना. स्टॅनफर्डने हा मान १९९४-९५ ते २०१८-१९ असा सलग २५ वेळा मिळवला. या काळातले आणि त्याआधीचे प्रशिक्षक पाहिले की एक विलक्षण यादी समोर येते. पुरुषांच्या टेनिसमध्ये डिक गूल्ड १९६६पासून २००४पर्यंत होते आणि त्यांच्या संघांनी १७ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. बेसबॉलमध्ये मार्क मार्केस यांनी १९७७ ते २०१७ असे ४१ हंगाम काढले. पुरुषांच्या जलतरणात स्किप केनी १९७९ ते २०१२ होते, त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे ७. महिलांच्या टेनिसमध्ये फ्रँक ब्रेनन दोन दशके होते, विजेतेपदे १०. आणि महिलांच्या बास्केटबॉलमध्ये टारा व्हॅनडरव्हिअर, १९८५ ते २०२४. हे सगळे एकाच आवारात, एकाच संस्थेचे नोकर म्हणून, आणि बराच काळ एकमेकांचे समकालीन.

यावर पहिली शंका रास्तच आहे. जिंकत राहिले म्हणून ते टिकले. जे हरले ते घरी गेले, आणि आपण फक्त उरलेल्यांची नावे मोजतो आहोत. मग दीर्घ कारकीर्द हे यशाचे कारण कसे म्हणायचे? याचे उत्तर शोधायला शेवटची वर्षे निरुपयोगी आहेत, सुरुवातीची तपासायला हवीत. व्हॅनडरव्हिअर ओहायो स्टेटचा चांगला चाललेला संघ सोडून स्टॅनफर्डला आल्या. पहिल्या हंगामात १३ विजय आणि १५ पराभव, दुसऱ्यात १४ आणि १४. दोन वर्षांची बेरीज २७ विजय, २९ पराभव. या आकड्यांवर कुणाचीही नोकरी धोक्यात येऊ शकते. त्यांची राहिली. त्या दोन वर्षांत त्या खेळाडू शोधत होत्या, आणि टेनेसीतल्या ओक रिजची जेनिफर ॲझी त्यांनी मिळवली होती. टेनेसी हा महिला बास्केटबॉलचा बालेकिल्ला, तिथून मुलगी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका पडेल संघात येते ही सोपी गोष्ट नव्हती. तिसऱ्या हंगामात २७ विजय आणि ५ पराभव झाले. १९९०मध्ये स्टॅनफर्डने ऑबर्नला ८८-८१ हरवून पहिले राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. तो सामना नॉक्सव्हिलला झाला, ॲझीच्या गावापासून थोड्याच अंतरावर. ही फळे दुसऱ्या वर्षाअखेर कुणाला दिसत नव्हती, तरी संस्थेने झाड उपटले नाही.

गूल्ड यांनाही पहिले विजेतेपद १९७३मध्ये, सातव्या हंगामात मिळाले. केनी यांना सहा वर्षे लागली. मार्केस यांना तर दहा, १९८७पर्यंत. मात्र पुढच्याच वर्षी त्यांनी पुन्हा जिंकले. सगळ्यांनाच इतके थांबावे लागले असे नाही. वॉटरपोलोत दान्ते देत्तामांती यांना यश लवकर आले. पण बहुतेकांच्या बाबतीत क्रम स्पष्ट आहे. आधी संस्थेने वाट पाहिली, मग यश आले.

दुसरी शंका पैशाची. स्टॅनफर्ड श्रीमंत आहे, हवा वर्षभर खेळण्याजोगी आहे, पदवीला जगभर मान आहे. तिथे कोणताही बरा प्रशिक्षक यशस्वी होईल, असे म्हणता येते. हे तपासायला दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची गरज नाही, कारण स्टॅनफर्डच्याच आवारात एक संघ आहे ज्याला हीच हवा, हीच पदवी आणि कितीतरी जास्त पैसा मिळाला. तो म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा. मार्केस बेसबॉलच्या मैदानावर होते त्या ४१ हंगामांत फुटबॉलने दहा मुख्य प्रशिक्षक पाहिले, त्यातले बिल वॉल्श दोनदा आले. जिंकणारे उचलले गेले. वॉल्श आणि पुढे जिम हार्बॉ सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघात गेले, डेनिस ग्रीन मिनेसोटाला, टायरोन विलिंगहॅम नोत्र दामला. हरणाऱ्यांना काढले गेले. वॉल्ट हॅरिस २००६च्या १ विजय, ११ पराभव या हंगामानंतर दोनच वर्षांत गेले. टीव्हीवरून दर शनिवारी कोट्यवधी लोक पाहतात त्या खेळात यश आणि अपयश दोन्ही प्रशिक्षकाला जागेवरून हलवतात. अपवाद डेव्हिड शॉ यांचा. ते स्टॅनफर्डचेच माजी खेळाडू, २०११ ते २०२२ अशी बारा वर्षे राहिले, आणि विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक फुटबॉल सामने त्यांच्याच संघांनी जिंकले. साधने कुठेही कमी नसूनही निकाल वेगळे आले, म्हणजे साधनांनी सगळे समजत नाही. १ विजय, ११ पराभव ही १४-१४पेक्षा फार वाईट कामगिरी आहे हे खरे, आणि ही तुलना प्रयोगशाळेतल्यासारखी नेमकी नाही हेही मान्य. तरी तिची दिशा मला चुकीची वाटत नाही.

वेळेतून प्रशिक्षकाला नेमके काय मिळते, हे इथे नीट सांगायला हवे, नाहीतर धीर हा शब्द नुसताच गोड वाटेल. स्टॅनफर्डमध्ये प्रवेशाचा निर्णय प्रवेश कार्यालयाचा असतो. खेळात देशातल्या पहिल्या पन्नासांत असलेली आणि अभ्यासातही तिथे टिकेल अशी मुले प्रत्येक खेळात मोजकीच असतात. ती शाळेत असतानाच हेरावी लागतात. कुणाचे गुणपत्रक प्रवेश कार्यालयाला चालेल, कोणता विषय आधीच घ्यायला सांगावा, कोणत्या शाळेच्या प्रशिक्षकाच्या शब्दावर विसंबावे, हे कोणत्याही नियमपुस्तकात नसते. वर्षानुवर्षांच्या होकार-नकारांतून ते माणसाच्या डोक्यात साठते. दर तीन वर्षांनी माणूस बदलला की हा साठा पुन्हा शून्यावर येतो. शिवाय जुने खेळाडू पुढे स्वतः प्रशिक्षक होतात, पालक होतात, देणगीदार होतात, आणि नवी मुले त्यांच्याकडून येऊ लागतात. असे जाळे विणायला एक पिढी जावी लागते.

दुसरे म्हणजे चुका दुरुस्त करायला मिळणारा अवधी. व्हॅनडरव्हिअर यांनी १९९२मध्ये दुसरे विजेतेपद मिळवले आणि तिसरे थेट २०२१मध्ये, ॲरिझोनावर ५४-५३ असे. मधल्या २९ वर्षांत २००८ आणि २०१० या दोन अंतिम सामन्यांत हार झाली. मध्येच १९९५-९६चा संपूर्ण हंगाम त्या विद्यापीठाबाहेर होत्या, राष्ट्रीय संघ घडवत होत्या. त्या संघाने सराव दौऱ्यातले ५२ आणि अटलांटा ऑलिम्पिकचे ८ असे साठच्या साठ सामने जिंकले. विद्यापीठाने आपला प्रशिक्षक वर्षभर देशाला दिला आणि परत जागेवर घेतला. असा सौदा विश्वासाशिवाय होत नाही. जानेवारी २०२४मध्ये त्यांनी बास्केटबॉल प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांचा १२०२ विजयांचा विक्रम मागे टाकला आणि १२१६वर थांबल्या. सलग २९ वर्षे राष्ट्रीय विजेतेपद नाही, एवढीच ओळ वाचणाऱ्याला या कारकिर्दीचा अर्थ कधीच कळला नसता.

आता सर्वांत जड आक्षेप. एकाच जागी फार काळ राहिलेला माणूस संस्थेपेक्षा मोठा होतो, आणि मग त्याला प्रश्न विचारणारा कुणी उरत नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात जो पॅटर्नो १९६६ ते २०११ फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक होते. २००४मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक त्यांच्या घरी जाऊन निवृत्तीचा आग्रह धरून आले आणि त्यांनी तो मानला नाही. त्यांचा माजी सहायक जेरी सँडस्की मुलांचे लैंगिक शोषण करत होता. २००१मधल्या एका प्रसंगाची माहिती पॅटर्नो यांना मिळाली होती. ती त्यांनी वरिष्ठांना सांगितली, पोलिसांकडे गेले नाहीत. २०११मध्ये सगळे बाहेर आले तेव्हा विद्यापीठाने त्यांना काढले, पण तोवर दहा वर्षे गेली होती आणि त्या दहा वर्षांची किंमत मुलांनी मोजली. दीर्घ कारकिर्दीचे गुणगान करणाऱ्या कुणालाही हे प्रकरण बाजूला ठेवता येणार नाही.

स्टॅनफर्डही यातून सुटलेले नाही. २००७मध्ये असे उघड झाले की केनी यांनी आपल्या मर्जीतून उतरलेल्या काही जलतरणपटूंचे विक्रम संघाच्या माहितीपुस्तिकेतून वगळले होते. या उदाहरणाने मी अस्वस्थ होतो, कारण ते माझ्याच युक्तिवादाच्या मर्मावर बोट ठेवते. प्रशिक्षक हीच संघाची स्मृती असेल, तर ती स्मृती तो पुसूही शकतो. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले, नोंदी तपासल्या आणि मग परत घेतले. पॅटर्नो प्रकरणाशी याची बरोबरी होऊ शकत नाही, पण फरक कशात होता ते दिसते. स्टॅनफर्डच्या जलतरण प्रशिक्षकाला निलंबित करू शकेल असा कुणी होता. पेन स्टेटच्या फुटबॉल प्रशिक्षकाला नुसते निवृत्त व्हा म्हणणारेही माघारी फिरले. पैसा न मिळवणाऱ्या खेळाचा प्रशिक्षक कितीही वर्षे राहिला तरी संस्थेला डोईजड होत नाही. ज्या कारणाने त्याला धीर मिळतो, त्याच कारणाने त्याच्यावर लगामही राहतो.

अर्थात लहान खेळ म्हणजे आपोआप स्वच्छ खेळ नव्हे. २०१९च्या प्रवेश घोटाळ्यात स्टॅनफर्डच्या सेलिंग संघाच्या मुख्य प्रशिक्षकाने गुन्हा कबूल केला. संघाला देणग्या मिळाव्यात म्हणून त्याने अर्जदारांना होडी चालवणारे खेळाडू म्हणून दाखवले होते. तिथे कुणाचे लक्षच नव्हते. निकालांबाबत धीर आणि वर्तनाबाबत बेफिकिरी या दोन गोष्टी लांबून सारख्या दिसतात, आणि मला वाटते की बहुतेक संस्था त्यांत गल्लत करतात. प्रशिक्षकाला दहा वर्षे द्यावीत, पण त्याच्या खेळाडूंना तक्रार घेऊन जाण्याची जागा पहिल्या दिवसापासून असावी.

वारसाचा प्रश्न मात्र मला वाटला होता त्याहून अवघड निघतो. ब्रेनन यांच्यानंतर महिलांच्या टेनिसची सूत्रे त्यांच्या सहायक लेले फोरूद यांच्याकडे आली, त्या स्टॅनफर्डच्याच जुन्या खेळाडू. त्यांनीही १० विजेतेपदे मिळवली. गूल्ड यांच्यानंतर पुरुषांच्या टेनिसची सूत्रे जॉन व्हिटलिंगर यांच्याकडे आली. तेही जुने खेळाडू, तेही वर्षानुवर्षांचे सहायक. पण पुरुषांच्या संघाचे शेवटचे विजेतेपद आजही २०००चेच आहे. घरचा वारस नेमला की परंपरा चालू राहते, हा निष्कर्ष या दोन उदाहरणांनी सिद्ध होत नाही. पुरुषांच्या विद्यापीठीय टेनिसमध्ये या काळात परदेशी खेळाडूंचा ओघ वाढला, आणि एका संघाला पुरुषांच्या साडेचार तर महिलांच्या आठ शिष्यवृत्त्या देता येत असत. मैदानच बदलले तर स्मृती किती पुरणार?

तेच आता सगळ्या खेळांत होत आहे. २०२०च्या जुलैत स्टॅनफर्डने ३६पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली, आणि माजी विद्यार्थ्यांच्या लढ्यानंतर २०२१च्या मे महिन्यात ती मागे घेतली. लहान खेळांना मिळणारा धीर किती कच्च्या पायावर आहे हे तेव्हा कळले. २०२१पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची आणि आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, आणि २०२५पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्याय फार उशिरा मिळाला, त्याला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. पण प्रशिक्षकाच्या कामाचा आधार असलेली चार वर्षांची खात्री त्यातून गेली. २०२४च्या वसंतात व्हॅनडरव्हिअर निवृत्त झाल्या आणि त्याच सुमारास किकी इरियाफेन ही संघाची प्रमुख खेळाडू दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात गेली. नव्या प्रशिक्षक केट पे या व्हॅनडरव्हिअर यांच्याच जुन्या खेळाडू. त्यांच्या पहिल्या हंगामात १६ विजय आणि १५ पराभव झाले, आणि १९८७नंतर प्रथमच स्टॅनफर्डचा महिला संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या बाहेर राहिला. १९८५-८६च्या १३-१५पेक्षा ही सुरुवात बरीच बरी आहे. त्या वेळी दिला गेला तेवढा वेळ पे यांना मिळतो का, यावर या लेखातल्या युक्तिवादाची खरी परीक्षा पुढच्या काही वर्षांत होईल.