शुभ्रतेचे मोल

चोपडा तालुका हा तापीकाठचा केळीचा प्रदेश. बटाटा वर्ज्य असलेल्या जैन घरांत येथे कच्च्या केळ्यांना मोठा मान आहे. भाजीपासून वेफर्सपर्यंत त्यांचीच योजना होते. परंतु चिरलेले केळे हवेत काळे पडते. घरोघरी त्याचे काप ताकात किंवा लिंबाच्या पाण्यात टाकतात. अन्नप्रक्रिया उद्योगात मात्र काप व सुकवलेली फळे यांचा रंग राखण्यासाठी सल्फाइट वापरण्याची पद्धत रूढ आहे. वेष्टनावर ते ‘सोडियम मेटाबायसल्फाइट’ या नावाने अथवा नुसत्या २२३ या क्रमांकाने येते. २२० ते २२८ हे सारे क्रमांक याच कुळातले.

हे द्रव्य पोटात गेल्यावर काय करते, याचे उत्तर मुक्या प्राण्यांच्या देहांतून मिळालेले आहे. नेदरलँड्समधील टिल, फेरोन व द ग्रोट या संशोधकांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या तीन पिढ्यांना ते आहारातून दिले गेले. डुकरांवरही प्रयोग झाले. अधिक मात्रेत उंदरांच्या जठराचे अस्तर जाड झाले, विष्ठेत रक्ताचा अंश आढळला. सल्फाइट थायमिन या ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते; म्हणून ते जीवनसत्त्व त्यांच्या आहारात मुद्दाम वाढवावे लागले.

जी मात्रा निरुपद्रवी दिसली, तिच्या शंभराव्या भागावर माणसाची मर्यादा बेतली गेली : वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. वीस किलो वजनाच्या बालकासाठी ती १४ मिलिग्रॅम होते. सुक्या मेव्यात किलोमागे १००० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड असेल, तर अवघ्या १४ ग्रॅमांत ती संपते. शिवाय सल्फाइटचा निचरा करणारे यकृतातील विकर उंदरांत माणसापेक्षा कितीतरी अधिक सक्रिय असते. उंदराला जे सोसते, ते माणसाला सोसेलच असे नाही. दम्याच्या काही रुग्णांना तर अल्प मात्राही बाधते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये, उपलब्ध माहिती अपुरी ठरवून, आपली ०.७ची तात्पुरती मर्यादाच मागे घेतली. प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर दिसलेले परिणाम तेव्हा विचारात घेतले गेले होते.

अहिंसेच्या उपासकाने येथे थांबून विचार करावा. जर्दाळू तपकिरी असला म्हणून त्याची गोडी उणावत नाही; केशरी झळाळी ही जिभेची नव्हे, डोळ्यांची हौस आहे. त्या हौसेपायी किती जिवांना वेदना झाल्या, हे त्या क्रमांकाआड दडलेले असते. झालेली हिंसा आता परतविता येत नाही. तिच्यातून मिळालेले ज्ञान वाया न घालविणे मात्र आपल्या हाती आहे. पाणी गाळून पिण्याचा आणि धान्य निवडून दळण्याचा संस्कार ज्या घरात आहे, तेथे वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचणे हीदेखील जयणाच होय. आणि पदार्थ सुकवायलाच हवा असेल, तर खानदेशच्या वैशाखात उन्हाची वाण कधी पडली आहे?