१२१ कोटी ओळींत साखरशेत

२०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्यातलं साखरशेत हे गाव ठाणे जिल्ह्यात मोजलं गेलं. लोकसंख्येने तो तेव्हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा होता: १,१०,६०,१४८ माणसं. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्यामुळे त्या जुन्या माहितीत जिल्हा 'पालघर' असं शोधलं, तर हाती शून्य लागतं. आधी जुने तालुके नव्या जिल्ह्याला जोडावे लागतात. म्हणजे कामात एक पायरी वाढली.

आता देशातल्या १२१ कोटी माणसांचा एकच तक्ता आहे असं धरा. माणशी एक ओळ. प्रश्न साधा आहे: जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत कोणत्या वयोगटातल्या किती बायकांना लिहिता-वाचता येतं? सुचेल तशा पायऱ्या लिहिल्या, तर त्या अशा होतात: गावांची नावं एकसारखी करायची, वयावरून गट पाडायचे, नवे जिल्हे जोडायचे आणि मग कुठे जव्हार-मोखाडा वेगळं काढायचं. प्रत्येक पायरी स्वतंत्र चालली, तर पूर्ण तक्ता चार वेळा वाचला जातो.

एक कारकून सेकंदाला एक ओळ वाचतो आहे, न झोपता. एका फेरीला ३८ वर्षं लागतील, चार फेऱ्यांना १५३. देशातली पहिली जनगणना झाली १८७२ साली. तेव्हा तो बसला असता, तरी २०११पर्यंत उठला नसता.

चारही कामं एकाच वाचनात उरकली, तर ११५ वर्षं वाचतात. पण खरी कमाई क्रमात आहे. दोन्ही तालुके मिळून लोकसंख्या साधारण २ लाख २४ हजार, म्हणजे ५,४०० ओळींमागे एक कामाची. गाळणी, म्हणजे हे दोन तालुके वेगळे काढणारी पायरी, सर्वांत आधी लावली आणि तक्त्याला गावाच्या सहा आकडी कोडची सूची असली, तर कारकून थेट त्याच ओळींवर जातो. काम अडीच दिवसांत संपतं.

यासाठी सगळं एका अगम्य ओळीत कोंबायची गरज नाही. पायऱ्या सुट्या, वाचता येतील अशाच लिहाव्यात. त्यांची मोट बांधणं यंत्राचं काम. पॉवर क्वेरी हे साधन त्या पायऱ्यांचा एकच प्रश्न करून मूळ डेटाबेसकडे धाडतं. याला 'क्वेरी फोल्डिंग' म्हणतात. मात्र डेटाबेसला न कळणारी एखादी पायरी मध्ये आली, की साखळी तुटते आणि पुढच्या कामासाठी सगळा माल आपल्या संगणकावर उतरतो. म्हणून अशी पायरी गाळणीनंतरच ठेवा.

पॉवर क्वेरीतली तुमची क्वेरी डेटाबेसवर चालत असेल, तर आज शेवटच्या पायरीवर राइट-क्लिक करा. 'व्ह्यू नेटिव्ह क्वेरी' पुसट दिसलं, तर साखळी बहुधा वर कुठेतरी तुटली आहे. एकेक पायरी वर सरकत ती जागा शोधा.