टीसीएस : शिकत वाढलेली कंपनी

मुंबईत १९६८ साली टाटा सन्सने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस हा विभाग काढला, तेव्हा हातात काम होतं पंचकार्डांचं. टिस्को या टाटांच्याच पोलाद कंपनीचं काम होतं, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांतल्या व्यवहारांचा मेळ घालायचा होता, युनिट ट्रस्टचीही कामं होती. पुढच्याच वर्षी टाटा इलेक्ट्रिकमधून फकीरचंद कोहली आले. संगणकाची ताकद त्यांनी वीजपुरवठ्याच्या नियंत्रणात अनुभवली होती.

त्या काळात परदेशी चलनाची चणचण होती आणि संगणक आयात करणं म्हणजे सरकारदरबारी खेटे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या बरोज कंपनीचं काम मिळालं. रुग्णालयांसाठीचे कोबोलमधले प्रोग्रॅम बरोजच्या एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी बदलून द्यायचे होते. मुंबईत उपलब्ध होता तो आयसीएल १९०३, म्हणजे भलत्याच कंपनीचा संगणक! ओळ न् ओळ हाताने बदलत बसण्याऐवजी इथल्या मंडळींनी हे रूपांतर करणारा प्रोग्रॅमच लिहिला. गिऱ्हाईक अमेरिकेत, काम मुंबईत, ही पुढे जगभर रुळलेली पद्धत अशी टंचाईतून आकाराला आली.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कला कचेरी उघडली. ती उभी करायला गेलेले एस. रामदोराई पुढे १९९६ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. १९८१ मध्ये पुण्यात टीआरडीडीसी ही संशोधन संस्था सुरू झाली. निव्वळ कंत्राटावर जगणाऱ्या कंपनीला तिची गरज भासली नसती. सॉफ्टवेअर लिहिण्याचं कामच अधिक शिस्तीचं आणि स्वयंचलित कसं होईल, यावर तिथे वर्षानुवर्षं अभ्यास झाला. स्वित्झर्लंडमधल्या रोखे-व्यवहारांची प्रणाली उभारण्याचा अनुभवही कंपनीच्या गाठीशी होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कागदी शेअर सर्टिफिकेटं जाऊन डीमॅट आलं, तेव्हा शेअर्सची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएलची यंत्रणा टीसीएसनेच उभारली. मग वाय-टू-केची लाट आली. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं शोधून दुरुस्त करायला जगाला माणसं हवी होती, आणि ती इथे तयार होती.

२००३ मध्ये वार्षिक उत्पन्न एक अब्ज डॉलरवर गेलं. ८५० रुपये भावाने विकलेला कंपनीचा शेअर २००४ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. पुढे टीसीएसने उभारलेल्या पासपोर्ट सेवा केंद्रांमुळे हे नाव सामान्य माणसाच्याही ओळखीचं झालं. २०२४-२५ मध्ये उत्पन्न तीस अब्ज डॉलरच्या पुढे गेलं आणि मनुष्यबळ सहा लाखांवर होतं.

त्यानंतर २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसं कमी करणार असल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले लोक मुख्यत्वे होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धास्तीने आधीच अस्वस्थ असलेल्या हिंजवडीपासून चेन्नईपर्यंतच्या घरांच्या ही बातमी जिव्हारी लागली.

हातचं काम यंत्राकडे जाणं या कंपनीला नवं नाही. १९७४ मध्ये तिने स्वतःच ते केलं होतं. पंचकार्डं गेली, मेनफ्रेम मागे पडले, तरी ती वाढली, कारण तिने नव्या कामासाठी माणसं घडवली. महाविद्यालयातून आलेल्या लाखो कोऱ्या मुलामुलींना तिने शिकवून उभं केलं. पंधरा-वीस वर्षं राबलेल्या माणसालाही तितक्याच जिद्दीने पुन्हा शिकवणं, हा खर्च तिने उचललाच पाहिजे. तीस अब्ज डॉलरच्या कंपनीला तो जड नाही, आणि तिची आजवरची वाढ माणसं शिकवण्याच्या खर्चावरच झाली आहे.