मेणवलीचा वाडा, पुण्याचे दफ्तर

जुन्या वाड्याच्या दुरुस्तीचा विषय निघाला की बोलणे लगेच सागवानाच्या भावावर, गवंड्यांवर आणि अनुदानावर येते. गावातल्या इतिहास मंडळाची आठवण होते ती काम संपल्यावर, उद्घाटनाच्या भाषणापुरती. हा क्रम उलटा आहे. घराचे कागद वाचल्याशिवाय घराला हात लावू नये, आणि ते वाचणे हे मंडळाचे काम आहे. वाईजवळची मेणवली याचे चांगले उदाहरण. 1768 मध्ये हे गाव नाना फडणवीसांना इनाम मिळाले आणि कृष्णाकाठी त्यांनी घाट, देवळे व सहा चौकांचा वाडा उभारला. त्यांच्या कारभाराचे प्रचंड दफ्तर याच वाड्यात राहिले. पुढे ते द. ब. पारसनीसांच्या साताऱ्याच्या संग्रहात गेले आणि 1939 मध्ये त्या संग्रहाबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. घर एका नदीकाठी आणि कागद दुसऱ्या, अशी फारकत झाली.

यात संग्राहकांना दोष देण्यासारखे काही नाही. वि. का. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्या काळात मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडले होते. ते हलवले नसते तर आज काही उरले नसते. मात्र राजकारणाची पत्रे आधी छापली गेली आणि चुना, लाकूड, सुतारांची मजुरी असले हिशेब मागे पडले. इतिहासकाराला ते दुय्यम वाटले तरी वाडा दुरुस्त करणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

त्याचे कारण भिंतीत आहे. जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. त्यावर सिमेंट थापले की ओल कोंडते आणि भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाशी जिरते. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, पण टोकाला टोचणी लावली तर ती भुशात शिरावी तशी आत जाते. मूळ भिंत कशाची, सुरखी वापरली होती का, मागची डागडुजी कधी झाली, हे आधी कळले तर असली चूक टळते. हिशेबात लिहिलेले सगळे खरेच वापरले गेले असेल असे नाही, ही शंका रास्त आहे. म्हणून कागद आणि भिंत एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावासाठी बांधला गेला; 1879 च्या आगीत त्याचा एक भाग जळाला आणि पुन्हा उभा राहिला. अशा वाड्यात ‘मूळ’ म्हणजे कोणत्या सालचे, हे केवळ डोळ्यांनी ठरत नाही.

सगळ्याच घरांकडे मेणवलीसारखे दफ्तर नसते, असे कोणी म्हणेल. पण मिळकत पत्रिका, वाटणीपत्रे, घरभाड्याच्या वह्या, लग्नातले फोटो आणि माजघर कुठे होते ते सांगणारी म्हातारी माणसे बहुतेक घरांत असतात. खरी अडचण वेगळी आहे. पंधरा हिस्सेदार, जुने भाडेकरू आणि बिल्डरने देऊ केलेली रक्कम यांपुढे मंडळाचा सल्ला तोकडा पडतो. मंडळ भाऊबंदकी मिटवू शकत नाही, हे मान्य करायलाच हवे. तरीही पाडण्याआधी मोजमापाचे नकाशे आणि कागदांच्या प्रती करून ठेवणे त्याच्या हातात असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरदार-सावकारांची घरे सर्वांच्या पैशाने का जपायची? केवळ वैभव मिरवायचे असेल तर जपू नयेत. पण पेशवाईच्या कागदांत कारागिरांची मजुरी आहे, तशाच कुणबिणींच्या खरेदीच्या नोंदीही आहेत. ते कागद न वाचता केलेली दुरुस्ती दिवाणखाना चकचकीत करते आणि मागची पडवी विसरते. वाचून केलेल्या दुरुस्तीला पडवीतल्या माणसांचाही हिशेब द्यावा लागतो. म्हणून अनुदानाच्या अर्जाला अंदाजपत्रकाआधी घराच्या कागदांचा अहवाल जोडणे सक्तीचे करावे, आणि मोडी वाचणाऱ्याचे मानधनही गवंड्याच्या मजुरीसारखे खर्चात धरावे.