पडद्याची पारख : छायाचित्र-संपादनाच्या लॅपटॉपचा मागोवा

छायाचित्रांच्या संपादनासाठी लॅपटॉप कोणता घ्यावा, हा प्रश्न महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांचे छायाचित्रकार गेली वीस-बावीस वर्षे एकमेकांना विचारीत आले आहेत. या काळात त्याची उत्तरे अनेकवार बदलली. परंतु ती सारी कालक्रमाने मांडून पाहिली असता असे ध्यानात येते की, यंत्रातील जो जिन्नस ज्या काळी दुर्मिळ असे, त्यालाच ग्राहकाने त्या काळी सर्वस्व मानले, आणि चित्राच्या खरेपणाशी ज्याचा सर्वांत निकटचा संबंध, तो पडदा मात्र बहुतेक वेळा विचारात घेतला गेला नाही. दुर्मिळ जिन्नस यथावकाश मुबलक होत गेले. पडद्याची पारख मात्र आजही ग्राहकाला स्वतःलाच करावी लागते.

या कथेची पूर्वपीठिका लॅपटॉपच्या आधीची आहे. थॉमस नोल आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी रचलेला फोटोशॉप हा प्रोग्राम १९९० साली प्रथम मॅकिंटॉशसाठी बाजारात आला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला लेयरची जोड मिळाली आणि अंधाऱ्या खोलीतील कितीतरी कामे टेबलावर आली. रंगांच्या देवघेवीचे नियम ठरविणारे आंतरराष्ट्रीय मंडळ १९९३ मध्ये स्थापन झाले होते; एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये एसआरजीबी हे रंगमान सुचविले, आणि १९९८ मध्ये छपाईच्या गरजा ओळखून अडोबीने त्याहून विस्तृत असे अडोबी आरजीबी पुढे आणले. म्हणजे पडद्यावरचा रंग आणि कागदावरचा रंग यांचा मेळ कसा घालावा, याची शास्त्रीय तजवीज शतक संपण्यापूर्वीच झालेली होती. परंतु तिचा उपयोग करून घेणारी मंडळी अवजड काचनळीच्या मॉनिटरपुढे बसत. लॅपटॉपवर रंगांचा निर्णय करावा, असे त्या काळी कोणा जाणत्याच्या मनातही येत नसे.

ही परिस्थिती पालटली ती डिजिटल एसएलआर कॅमेरा आवाक्यात आला तेव्हा. २००३ मध्ये कॅननचा ३००डी आणि २००४ मध्ये निकॉनचा डी७० निघाला. दोन्हींची क्षमता सहा मेगापिक्सेलच्या आसपास. रोल धुण्याचा खर्च संपला आणि लग्नघरातील छायाचित्रकाराच्या हाती एकाएकी शेकडो फायली आल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत संगणक जुळवून घेणारी ही मंडळी आता लॅपटॉपचीही चौकशी करू लागली. त्याला आपल्याकडे एक खास कारण घडले, ते म्हणजे भारनियमन. तालुक्याच्या गावी दिवसाचे कित्येक तास वीज नसे, लग्नसराईत लॅबला द्यावयाची सीडी मुदतीत तयार करणे भाग असे, आणि अशा वेळी बॅटरीवर दोन तास का होईना, चालणारे यंत्र हा मोठाच आधार वाटे. परंतु त्या आधाराला एक मर्यादा होती: वीज जाताच लॅपटॉप बॅटरी वाचविण्यासाठी पडद्याचा उजेड आपोआप मंद करी, आणि तासापूर्वी योग्य वाटलेला चेहरा आता काळवंडलेला दिसे. त्याच फोटोवर त्याच माणसाने एकाच दुपारी दोन निराळे निर्णय करावेत, असे हे साधन होते.

त्या पहिल्या पर्वात सर्वांच्या तोंडी एकच शब्द असे, तो म्हणजे रॅम. आणि ही चिंता निराधार नव्हती. लग्नाच्या डिजिटल अल्बमाचे जे बारा बाय छत्तीस इंचांचे पान पुढे सर्वत्र रूढ झाले, त्याचाच हिशेब पाहावा. इंचाला तीनशे पिक्सेल या प्रमाणे ते ३,६०० बाय १०,८०० पिक्सेलचे, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेलचे होते. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर पानभर पसरलेला एकेक लेयर सुमारे ११७ एमबी जागा व्यापतो. पार्श्वभूमी, वधूवरांचे मोठे चित्र, त्यावरची छटा आणि कडेची नक्षी असे चार-पाच लेयर एकावर एक ठेवले की ५१२ एमबी रॅमचे यंत्र हतबल होई, सारा भार मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर पडे, आणि प्रत्येक आज्ञेनंतर छायाचित्रकार हात बांधून बसे. पुढे रॅम स्वस्त झाली तरी ३२ बिटांच्या विंडोजची चार जीबीची सरहद्द आडवी आली. २००८ च्या फोटोशॉप सीएस४ ने विंडोजवर ६४ बिटांचा मार्ग खुला केला, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली.

मात्र रॅमच्या या चिंतेत ग्राहकाची दृष्टी इतकी गुंतली की, डोळ्यांपुढे असलेल्या पडद्याकडे त्याने पाहिलेच नाही. त्या काळच्या सर्वसाधारण लॅपटॉपला टीएन जातीचे पॅनेल असे. ते स्वस्त आणि चपळ होते. परंतु झाकण थोडे मागे-पुढे कलले की गोऱ्या वर्णाचा माणूस फिकट व्हावा आणि सावळ्या माणसाच्या केसांतील तपशील नाहीसा व्हावा, असा त्याचा स्वभाव होता. पुष्कळशी पॅनेले सहा बिटांची, म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ ऐवजी ६४ च पायऱ्या खऱ्या अर्थाने दाखविणारी असत, आणि उरलेल्या पायऱ्यांचा भास लुकलुकीने निर्माण करीत. संध्याकाळच्या आभाळाचा सलग उतार त्यांवर पट्ट्यापट्ट्यांचा दिसे. तांत्रिक तपशिलात बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे जे लिहिलेले असे, त्याचा अर्थ तो पडदा एसआरजीबीच्याही दोन-तृतीयांशापेक्षा कमी रंग दाखवितो असा होता, हे दुकानात सहसा कोणी सांगत नसे. मराठी लग्नातील रंग तर अशा पडद्याची कठोर परीक्षा घेणारे आहेत. हळदीचा पिवळा, मळवटाचा लाल, शालूचा गडद कुंकवी: लाल रंगाची मात्रा एकदा कमाल मर्यादेला जाऊन भिडली की वस्त्राचा पोत आणि जरीची वीण एकाच सपाट डागात विरून जाते, आणि जो पडदा तो डागही नीट दाखवीत नाही, त्यावर काम करणाऱ्याला आपण काय गमावले हे अल्बम छापून येईपर्यंत कळत नाही. ट्यूबलाइटखाली साडी पसंत करणारी जाणती बाई जशी ती दुकानाच्या दारात उन्हाला धरून पाहते, तशी उन्हाला धरण्याची सोय या माणसाला नव्हती.

यास अपवाद झाले नाहीत असे नव्हे. २००८ मध्ये लेनोव्होने थिंकपॅड डब्ल्यू७०० काढला. त्याच्या तळहात टेकण्याच्या जागेत रंगमापक बसविलेला होता, झाकण मिटले की तो पडद्यावरचे रंग स्वतः मोजून दुरुस्ती करी. त्याच सुमारास एचपीने एलिटबुकच्या वरच्या श्रेणीत ड्रीमकलर पडदा दिला. परंतु सतरा इंचांची, पावणेचार किलोंच्या घरातील ही यंत्रे सामान्य छायाचित्रकाराच्या खिशाला आणि खांद्याला परवडणारी नव्हती. तरीही लॅपटॉपचा पडदा खरा असू शकतो हे त्यांनी सिद्ध केले, ही त्यांची कामगिरी मोठी आहे.

२०१२ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. निकॉनच्या डी८०० ने ३६ मेगापिक्सेलची मजल गाठली आणि पाच-सहा एमबीच्या रॉ फायली चाळीस एमबीच्या पुढे गेल्या. त्याच वर्षी ॲपलने २,८८० बाय १,८०० पिक्सेलचा रेटिना पडदा असलेला मॅकबुक प्रो आणला, ज्यात फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश साठवण, म्हणजेच एसएसडी, होती. एसएसडीने प्रतीक्षेचा प्रश्न जवळजवळ निकालात काढला, आणि सर्व बाजूंनी सारखा दिसणारा आयपीएस पडदा हळूहळू इतर कंपन्यांच्या यंत्रांतही रुळला. पण या सुधारणेबरोबर एक नवी अटही आली. त्या मॅकबुकमध्ये रॅम मदरबोर्डावर जडविलेली होती. ती पुढे वाढविता येत नसे. मागाहून दोन वर्षांनी रॅम टाकून घेऊ, हा आपल्याकडील जुना शिरस्ता अनेक पातळ यंत्रांच्या बाबतीत तेव्हापासून मोडीत निघाला, आणि पुढच्या पाच वर्षांच्या गरजेचा अंदाज खरेदीच्या दिवशीच बांधणे प्राप्त झाले.

पुढील चार-पाच वर्षांत रंगांची व्याप्ती वाढली. २०१५ मध्ये डेलच्या एक्सपीएस १५ मध्ये अडोबी आरजीबीच्या जवळ जाणारा फोर-के पडदा मिळू लागला. २०१६ च्या मॅकबुक प्रोने पी३ रंगमान स्वीकारले, मात्र त्याच वेळी छायाचित्रकारांची रोजच्या उपयोगाची एसडी कार्डाची खाच काढून टाकली, जी २०२१ मध्ये परत द्यावी लागली. विस्तृत रंगांच्या या पडद्यांनी एक नवा घोटाळा उभा केला. जो प्रोग्राम रंगप्रोफाइल वाचीत नाही, तो एसआरजीबीतील साधे चित्र अशा पडद्यावर भडक दाखवितो. छायाचित्रकार ते सौम्य करून पाठवितो आणि लॅबमधून फिकट, निर्जीव प्रत परत येते. अधिक रंग दाखविणारा पडदा हा आपोआप अधिक खरा ठरत नाही, हे त्या वर्षांत पुष्कळांना अनुभवाने कळले.

२०२० च्या नोव्हेंबरात ॲपलचा एम१ आला आणि वेगाच्या कल्पनाच बदलल्या. पंखा नसलेले हलके यंत्र रॉ फायलींचे काम सहज करू लागले, आणि इंटेल व एएमडी यांच्या चिपांनीही नंतर मोठी मजल मारली. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज काढण्याची सोय आली, जिचा भार मुख्यतः ग्राफिक कार्डावर पडतो. तोवर फोटोच्या कामाला जवळजवळ अनावश्यक मानलेला हा भाग त्यामुळे महत्त्वाचा झाला. दुर्मिळतेचे स्थान पुन्हा एकदा सरकले, आणि ग्राहकाचे लक्षही त्याच्यामागोमाग तिकडे गेले.

आज कोणी सल्ला विचारला तर तो फार लांबविण्याचे कारण नाही. रॅम सोळा जीबीहून कमी नसावी, आणि अल्बमाची मोठी पाने नित्य करावयाची असतील तर ती बत्तीस जीबी असावी. एसएसडी शक्य तर एक टीबीची घ्यावी, आणि मूळ फायलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. आपल्याकडील बहुतेक लॅब एसआरजीबीतच छापतात, तेव्हा ते रंगमान पूर्णपणे दाखविणारा पडदा ही पहिली अट धरावी. दुकानात गेल्यावर स्वतःचे दोन-तीन फोटो पेनड्राइव्हवर न्यावेत: एक लाल शालूचा, एक सावळ्या चेहऱ्याचा, एक निरभ्र आभाळाचा, ते उघडून झाकण कलते करून पाहावे, आणि उजेडाची आपोआप होणारी चढउतार बंद करून पुन्हा पाहावे. ओलेड पडद्याचा काळा रंग अप्रतिम असतो. परंतु मंद उजेडात तो अतिसूक्ष्म लुकलुकू शकतो आणि काहींच्या डोळ्यांना ते सोसत नाही, म्हणून त्यापुढे थोडा वेळ बसून पाहिल्याखेरीज सौदा करू नये.

आणि रंगमापक हा खरेदीचाच भाग समजावा. ते छोटे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवले की एकामागून एक रंगांचे चौकोन झळकतात, ते मोजले जातात, आणि पडदा ६,५०० केल्विन शुभ्रतेवर व १२० कँडेलाच्या आसपासच्या उजेडावर आणता येतो. प्रती काळ्या आल्या, ही छायाचित्रकारांची जी जुनी तक्रार आहे, तिचे कारण पुष्कळदा लॅबच्या यंत्रात नसून तीनशे कँडेलावर लखलखणाऱ्या पडद्यात असते. तेथे जो फोटो पुरेसा उजळ वाटतो, तो कागदावर उतरताच मंदावतो.

लग्नाचा अल्बम पन्नास वर्षे घरात राहतो. तो ज्या लॅपटॉपवर घडला, तो दहा वर्षेही टिकत नाही. कागदावर जे उतरले तेच पुढच्या पिढीच्या हाती पडते, आणि आजीच्या शालूचा रंग कोणता होता हे नातवंडे त्यावरूनच ठरविणार असतात. म्हणून दुकानात हिशेब करताना पैसे कमी पडले, तर प्रोसेसर एका पायरीने खालचा घ्यावा, वजन अर्ध्या किलोने वाढू द्यावे, गेल्या वर्षीचे मॉडेल पत्करावे. पडद्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये.