माता-अर्भकांचे मृत्यू : मोजणी आणि मीमांसा

दरडोई उत्पन्नाच्या आकड्याला आपल्या चर्चेत जेवढा मान मिळतो, तेवढा अर्भकमृत्युदराला मिळत नाही. वस्तुतः अन्न, पाणी, शिक्षण, रस्ते आणि स्त्रीचे घरातील स्थान या साऱ्यांचा हिशेब या एका दरात उतरत असतो. 1971 मध्ये भारतात हजार जिवंत जन्मांमागे 129 अर्भके वर्षाच्या आत दगावत. 2020 मध्ये हे प्रमाण 28 वर आले. महाराष्ट्रात ते 16 होते. 2018-20 या काळात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण देशात 97, महाराष्ट्रात 33, केरळात 19, तर आसामात 195 होते. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे आकडे कसे सिद्ध होतात आणि त्यांतून काय निसटते, हेही पाहिले पाहिजे.

1969 च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद सक्तीची झाली. तरी ती सर्वत्र पूर्ण होत नसल्याने हे दर नमुना नोंदणी पद्धतीवरून काढले जातात. निवडक गावांत व शहरी विभागांत नोंदणीकार वर्षभर नोंदी ठेवतो आणि दर सहामाहीस पर्यवेक्षक घरोघर जाऊन त्यांचा स्वतंत्र पडताळा घेतो. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण तिला मर्यादा आहे. तीन लाख वस्तीच्या तालुक्यात, हजारी 15 या जन्मदराने, वर्षाला सुमारे 4500 जन्म होतील. राज्याच्या सरासरीप्रमाणे तेथे 72 अर्भके दगावतील, माता मात्र एक किंवा दोन. दोनांच्या तीन झाल्या तर परिस्थिती बिघडली की तो योगायोग, हे दरावरून सांगता येणार नाही. म्हणूनच मातामृत्यूंचे प्रमाण तीन वर्षांच्या नोंदी एकत्र करून काढतात. तालुक्याच्या पातळीवर दराचा उपयोग संपतो. तेथे प्रत्येक मृत्यूची चौकशीच करावी लागते.

त्यातही नोंद निसटण्याच्या वाटा अनेक. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते. तेथे काही विपरीत घडले तर सासरच्या गावच्या नोंदवहीत त्याचा मागमूस राहत नाही. क्षणभर श्वास घेऊन गेलेले मूल मृत जन्मले असे लिहिले जाते. मृत्यू नोंदविला की जाब विचारला जाणार असेल, तर कनिष्ठ कर्मचाऱ्याचा हात आखडतो. 2001 मध्ये ‘सर्च’ व अन्य स्वयंसेवी संस्थांनी सिद्ध केलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदी आणि प्रत्यक्ष बालमृत्यू यांतील तफावत उघड केली, ती गावोगाव केलेल्या मोजणीच्या बळावर.

मोजणीतून उपायही सापडतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने जंतुसंसर्ग, अपुरे वजन, जन्मतः श्वास कोंडणे ही नवजातांच्या मृत्यूंची कारणे हेरली आणि गावातीलच स्त्रियांना घरी जाऊन बाळाची देखभाल करण्याचे शिक्षण दिले. नवजातांचा मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाने दाखविले. पुढे ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली.

मातेच्या बाबतीत रक्तस्राव, जंतुदोष, वाढलेला रक्तदाब ही वैद्यकीय कारणे झाली. त्यांच्या मुळाशी तीन विलंब असतात : दवाखान्यात नेण्याचा निर्णय घेण्यातील, तेथे पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. पहिला घरातील सत्तेचा, दुसरा रस्त्याचा व वाहनाचा, तिसरा डॉक्टर व रक्तसाठ्याचा प्रश्न आहे. मृत्यूच्या दाखल्यावर यांपैकी काहीही लिहिलेले नसते.

मातामृत्यूंच्या अन्वेषणाची व्यवस्था 2010 पासून देशात आहे. तिचा रोख दोषी शोधण्याकडे वळला तर मृत्यू लपविले जातील, आणि लपविलेल्या मृत्यूचे कारण कोणालाच शोधता येत नाही. नोंद करणाऱ्यास अभय आणि विलंबाच्या कारणास उत्तर, एवढी शिस्त शासनाने पाळली तरी पुष्कळ जीव वाचतील. सुशिक्षितांनीही आपल्या गावातील, आपल्या वस्तीतील अशा मृत्यूची नोंद झाली की नाही, एवढे तरी अवश्य विचारावे.