कियांती : प्रवाद आणि वस्तुस्थिती

इंदूर आणि उज्जैन यांच्या दरम्यान वसलेल्या सांवेरसारख्या कसब्यात बसून इटलीच्या वाइनविषयी लिहावे, हे काहींस विलक्षण वाटेल. परंतु ज्या सांजिओव्हेजे द्राक्षापासून कियांती ही वाइन होते, त्याचे वेल आज सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरातही फळतात, तेव्हा तिच्याविषयीचे प्रवाद तपासणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

कियांती हे द्राक्षाचे नाव नव्हे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांमधील डोंगराळ मुलखाचे ते नाव असून, तोस्कानाचा अधिपती तिसरा कोसिमो याने १७१६ साली फर्मान काढून त्याची हद्द मुक्रर केली. १९३२ साली सरकारनेच हे नाव भोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशास बहाल केले, आणि मूळ मुलखाच्या वाट्यास ‘क्लासिको’ हे उपपद आले; काळ्या कोंबड्याची मोहोर दिसते ती त्याच्याच बाटलीवर. गवताने मढविलेला चंबू म्हणजेच कियांती, ही समजूत उपाहारगृहांनी पोसली, इतकेच.

सर्वांत चिवट प्रवाद असा, की लाल द्राक्षांत पांढरी मिसळणे हीच तिथली खरी परंपरा. तिचे जनकत्व इटलीचा माजी पंतप्रधान बेत्तीनो रिकासोली याच्याकडे दिले जाते. वास्तविक १८७२ च्या आपल्या पत्रात, सुगंध आणि जोम सांजिओव्हेजेचा, त्याचा करडेपणा निवविण्यास कानाइओलो, असे सांगून, मुरवावयाच्या वाइनमधून माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष वगळावे, असेच त्याने सुचविले होते. असे असता १९६७ च्या नियमांनी पांढऱ्या द्राक्षांची सक्ती केली. वाइन पातळ झाली, आणि काही नामांकित उत्पादकांनी कियांती हे नाव टाकून आपला माल ‘साधी वाइन’ म्हणून विकणे पत्करले. सरकारी शहाणपण असेच उशिरा जागे होते : क्लासिकोतून पांढरी द्राक्षे २००६ पासून हद्दपार झाली, आणि आता तीत किमान ८० टक्के सांजिओव्हेजे लागते.

पहिल्या घोटासच जिभेवर आंबटपणा आणि त्यामागून जांभळासारखा तुरटपणा येतो, तो बिघाड नव्हे, स्वभाव होय. ऑलिव्ह तेलात भिजलेल्या पावाबरोबर वा भाजलेल्या मांसाबरोबर त्याचे मर्म कळते.

अकलूजला ‘फ्रातेल्ली’च्या मळ्यांतील वाइन तोस्कानाच्या प्येरो मासी यांच्या देखरेखीखाली घडली, तरी ती कियांती नव्हे. तिकडे वेल हिवाळाभर निद्रिस्त असतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. इकडे त्यास विसावा नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून उन्हाळ्याच्या तोंडाशी तोडणी उरकावी लागते.